वाचन कक्षात फिसकटलेली सोयरीक

प्रताप नगर, नागपूर
जून १९७८

ती. बाबनदादा आणि ती. रुख्मावहिनी,

तुम्हा दोघांच्या पायांवर जागेश्वरचं डोकं. (वहिनींच्या पायांवर ते जरा जास्त वेळ राहू द्यावं. पत्र संपेपर्यंत ते डोकं फोडावंसं त्यांनाच वाटणार आहे.) दादा, तुमचा गुडघा कसा आहे? दुकानात गादीवर बसून बसून तो आखडतो असं डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा गिऱ्हाईक नसलं तरी मधूनमधून उठून कापडाचे तागे उगाच इकडचे तिकडे करत जावं. वहिनींची उन्हाळी लागायची तक्रार थांबली का? धने-जिऱ्याचं पाणी चालू ठेवा. इकडे कुसुमची तब्येत बरी. माझी पण बरी म्हणायची. तुमची सत्यवती तर ठणठणीत आहे. तब्येत सोडून तिचं बाकीचं वर्तमान पुढे येतंच आहे.

पवनीहून मुलाच्या वडिलांचा, रामाजींचा, निरोप तुम्हाला एव्हाना पोचला असेल. त्यात काय काय असेल याचा मला अंदाज आहे, आणि जे असेल ते बहुतेक सगळं खरं आहे. मुलीने मुलाला वेड्यात काढलं हे खरं. मुलाच्या आईची थैली दारावर जप्त झाली हेही खरं. भर सभेत नकाराची चिठ्ठी वाचून दाखवली, हेही एका अर्थी खरंच. फक्त ती सभा नव्हती, तो वाचनाचा तास होता. आणि चिठ्ठी मुलीची नव्हती, खुद्द रामाजींची होती. हे सगळं नीट समजायचं तर आधी आमच्या ग्रंथालयात या उन्हाळ्यात काय चाललं होतं ते सांगायला हवं. तेव्हा दादा, दुकानात गर्दी असेल तर पत्र बाजूला ठेवा आणि दुपारी उघडा.

आमचे ग्रंथपाल मनोहरराव तुम्हाला माहीत आहेत. (माझ्या वास्तूला आले होते ते. उंच, चष्मा, आणि तुमच्याशी पुण्याच्या धोतरापेक्षा उमरेडचं धोतर कसं टिकतं यावर बोलत बसले होते ते.) त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं की विद्यापीठाचं ग्रंथालय हे काही फक्त प्राध्यापकांनी येऊन एकमेकांची पुस्तकं अडवून ठेवायची जागा नव्हे. गावानेही यावं. म्हणून या वर्षी परीक्षा संपत आल्यावर त्यांनी समितीकडून कशीबशी परवानगी काढली आणि खालचा मोठा हॉल ‘नागरिक वाचन कक्ष’ म्हणून सगळ्यांसाठी उघडला. पाटी त्यांनी स्वतः रंगवून घेतली. कक्षाचा प्रमुख म्हणून मला नेमलं, आणि मी त्या दिवशी घरी पेढे आणले, हे आता आठवलं की कसंतरी होतं.

गाव आलं, दादा. पण वाचायला आलं असं म्हणता येणार नाही. त्या हॉलला खसचे दोन मोठे कूलर आहेत, आणि नागपूरच्या मे महिन्यात खसच्या वासाची बातमी वर्तमानपत्रापेक्षा लवकर पसरते. पहिल्या आठवड्यात पेन्शनर आले आणि विश्वकोशावर डोकं ठेवून झोपले. मग आमच्या प्रताप नगरातल्या मैनाबाई आल्या. (आमच्या मागच्या प्लॉटवरच्या, मुलगा रेल्वेत असलेल्या.) त्यांनी बरोबर गहू आणले होते, निवडायला. मी त्यांना म्हटलं, इथे गहू निवडता येत नाहीत. त्यांनी मला विचारलं, काहून? कारण शोधायला मी नियमावली काढून पाहिली. खाण्याला बंदी होती, बोलण्याला होती, थुंकण्याला होती, निवडण्याला नव्हती. शेवटी खडे खाली टाकायचे नाहीत आणि सूप आणायचं नाही, ताट चालेल, असा तोडगा निघाला. पुढे त्यांच्याबरोबर आणखी बायका येऊ लागल्या आणि भिंतीकडची सबंध बाजू डाळ-तांदळाने भरून गेली. मनोहररावांनी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, बसायला आल्यात ना, मग ऐकायलाही बसतील. आणि दुपारी तीनला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा तास त्यांनी सुरू केला.

वाचायला कोण, तर सत्यवती. ती तशीही एम.ए.च्या पुस्तकांसाठी वरच्या अभ्यासिकेत बसलेली असायचीच. तीन वाजता खाली यायची. तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे, न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत जातो. ती वाचायला लागली की गहू निवडणारे हात तसेच थांबायचे. समितीचे एक सभासद एकदा पाहणीला आले आणि त्यांनी मैनाबाईंना विचारलं की आपण सध्या काय वाचता आहात. मैनाबाई म्हणाल्या, “मी नाई वाचत. ते पोरगी वाचते, मी आयकतो.” सभासदांनी हे वहीत टिपून घेतलं. चांगलं म्हणून की वाईट म्हणून ते तेव्हा कळलं नव्हतं.

तिसरी गोष्ट ठरवून झाली नाही, आपोआप झाली. धंतोलीतले दवाखाने आमच्यापासून चालत यायच्या अंतरावर आहेत. तिथे सगळ्या विदर्भातून माणसं पेशंट घेऊन येतात. दुपारी भेटायची वेळ नसते, धर्मशाळेचा पत्रा तापलेला असतो, मग पेशंटची माणसं जायची कुठे? कोणीतरी कोणाला सांगितलं आणि ती आमच्याकडे यायला लागली. गप बसून राहायची. एक दिवस त्यांतल्या एकाने सत्यवतीला घरी टाकायचं पोस्टकार्ड लिहून मागितलं आणि दुसऱ्या दिवसापासून दाराजवळच्या टेबलापाशी रांग. एका माणसाने भाऊ दवाखान्यात फिरकत नाही म्हणून त्याला आईमाईवरून शिव्या सांगितल्या. सत्यवतीने सगळं ऐकून घेतलं आणि कार्डावर लिहिलं, तुझी आठवण येते, लवकर ये. भाऊ पुढच्याच गाडीने आला. ती नसताना एकदा मी लिहायला बसलो. मी आपलं आयुष्यभराच्या सवयीने ‘आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात केली, आणि ते वाचून त्या बिचाऱ्याच्या घरची सगळी माणसं पेशंट गेला असं समजून रडत नागपूरला आली. त्यानंतर मी त्या टेबलावर बसलो नाही.

या माणसांत रुपराव नावाचे एक शेतकरी होते, भिवापूरकडच्या एका खेड्यातले, मिरचीवाले. त्यांची बायको जयवंताबाई पोटाच्या दुखण्याने दवाखान्यात होती. रुपराव सुनेला कार्ड लिहवून घ्यायचे. त्यात म्हशीला पेंड किती द्यायची, कुंपण कुठे तुटलंय, बी कोणत्या मडक्यात ठेवलंय, असं सगळं यायचं आणि अगदी खाली, जागा उरली तर, तुझी सासू बरी आहे. सत्यवती त्यांना काही शिकवायला गेली नाही. ती फक्त कार्ड घेऊन बसली की विचारायची, काकू कशा हायेत आज? ते सांगायचे, आणि ती तेच आधी लिहून टाकायची. एकदा मी पाहिलं, रुपराव रांगेत उभे होते आणि आपल्याशीच पुटपुटत होते. काय सांगायचं ते पाठ करत होते. म्हशीचं नव्हे, बायकोचं.

आता तुमच्या पत्राकडे येतो. दादा, मी कोणाला दोष देत नाही, पण पोरीला कळू न देता दाखव, हे वाक्य तुमच्या हातचं आहे. आणि समासात वहिनींनी तिरप्या अक्षरात घातलं होतं की कळलं तर ती बसायची नाही. मुलाकडचीही तीच इच्छा होती. रामाजींच्या बायजाबाईंना मुलगी पावडर लावलेली नको, रोजच्यासारखी पाहायची होती. तेव्हा नागरिक वाचन कक्षात येऊन लांबून पाहावं, हवाही थंड आहे, असं मी त्यांना कळवलं, ही एवढीच कल्पना माझी. (कुसुम तेव्हाच म्हणाली होती की तिला सांगून टाका. तिने दोनदा म्हटलं हेही लिहावं असा तिचा आग्रह आहे, म्हणून लिहिलं.)

मंडळी आली ती तीनच्या जरा आधी. रामाजी काळ्या कोटात, बायजाबाई नऊवारीत, आणि मुलगा चंद्रभान, जो सहकारी सोसायटीत कारकून आहे आणि फोटोतल्यापेक्षा दिसायला बरा आहे. दारावर आमचा शिपाई कवडू. कवडूला मी सगळं समजावून सांगायला हवं होतं, पण त्याच्या पोटात काही राहत नाही म्हणून नाही सांगितलं. त्याने बायजाबाईंची थैली उघडून पाहिली. आत नारळ आणि खण. पसंत पडलीच तर लगोलग ओटी भरायची, अशा तयारीने बाई आल्या होत्या. कवडूने सांगितलं की खायची वस्तू आत नेता येत नाही. बाई म्हणाल्या, “हा नारळ काय मी तिथं बसून खाईन?” कवडू म्हणाला, लोक खातात. आणि थैली ठेवून घेऊन त्याने त्यांच्या हातात पितळेचा बिल्ला दिला. तो मुठीत आवळून बाई आत आल्या तेव्हाच त्यांचा चेहरा पाहून मी ओळखायला हवं होतं. पण मला ओळख दाखवायची नव्हती. मी इतिहासाच्या कपाटाआड उभा होतो. तिथून मी फक्त हिरवं पातळ, टेबलापाशी, एवढं दबक्या आवाजात सांगितलं.

बायजाबाई बायकांच्या बाजूला जाऊन मैनाबाईंच्या शेजारी बसल्या आणि ही मुलगी कशी आहे म्हणून हळूच चौकशी केली. मैनाबाईंना वाटलं, ही नवी बाई, हिला सगळं समजावून सांगावं. त्यांनी सांगितलं, पोरगी सोन्यासारखी आहे, कोणाच्या बापाचं ऐकत नाही, लग्नबिग्न काही करणार नाही, ही इथलीच. यात मैनाबाईंची चूक नाही. त्यांच्या तोंडून ही स्तुतीच होती.

इकडे रामाजी आणि चंद्रभान पुरुषांच्या बाकावर. रामाजींनी टोपी काढून मांडीवर घेतली होती, कोटात घाम आला होता, एकदा दाराकडे पाहायचे, एकदा छताकडे. दादा, तुम्हीच सांगा, तिथे रोज बसणाऱ्या माणसांत आणि त्यांच्यात काय फरक दिसणार? सत्यवतीने माठातलं पाणी आणून त्यांना दिलं आणि शेजारी बसली. मी कपाटाच्या फटीतून पाहत होतो, आणि मला वाटलं, वा, देवच मदतीला आला, आता जवळून दर्शन होणार.

तिने विचारलं, “काका, कोनाले आनलं दवाखान्यात?”

रामाजींना मी बजावून ठेवलं होतं की कशासाठी आलात ते काही केल्या बोलायचं नाही. ते घाबरून म्हणाले, “पोराले.”

“काय झालं त्याले?”

रामाजींनी पुष्कळ विचार केला. “डोस्क्याचं हाये,” ते म्हणाले.

तिने आवाज खाली घेऊन चंद्रभानकडे पाहिलं. हेच का, असं विचारलं. रामाजींनी मान हलवली. चंद्रभानचं तोंड उघडं राहिलं होतं, त्यामुळे निदान पटण्यासारखं होतं. सत्यवतीने त्याला चित्रांचं एक मासिक आणून दिलं, हाताला धरून नव्हे पण जवळजवळ तसंच उठवलं आणि कूलरसमोर बसवलं, आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली की भाऊ, इथं बसा, इथं बरं वाटते. तो बसला. शेवटपर्यंत तिथेच बसून होता आणि खरंच मासिक वाचत होता. (मला आता वाटतं, त्या सगळ्यांत समजूतदार तोच.)

मग तिने रामाजींना विचारलं, घरी कोण आहे, चार ओळी लिहून देऊ का. घरी रामाजींची म्हातारी आई आहे, ती निरोपाची वाट पाहत बसलेली. रामाजींना लिहितावाचता येतं, पण दुसऱ्याने आपलं म्हणणं लिहून घ्यायची ही अशी सोय त्यांना जन्मात कोणी दिली नव्हती. त्यांचा चेहरा सैल झाला. डोळे मिटून ते सांगायला लागले आणि ती लिहायला लागली. माय, आम्ही खुशाल पोचलो. ऊन फार आहे. तुझ्या सुनेची थैली घेऊन ठेवली म्हणून ती रागात आहे. पोरगी अजून धड पाहिली नाही. जागेश्वरने सांगितलं का हिरव्या लुगड्यात…

इथे पेन थांबलं. रामाजींनी डोळे उघडले. सत्यवती आपल्या पदराकडे पाहत होती. मी इतकी वर्षं ‘शांतता राखा’ची पाटी पुसतो आहे, दादा, पण खरी शांतता मी त्या दिवशी ऐकली.

ती म्हणाली, “ते पोरगी मीच काय, काका?”

“हाव माय,” रामाजी म्हणाले. “रागावू नको.”

ती त्यांच्यावर रागावली नाही. तिने विचारलं की तुमच्या मायले खरं तेच लिहू ना. रामाजी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग तिने पुढचं स्वतःच्या मनाने लिहिलं आणि रोजच्या पद्धतीप्रमाणे त्यांना वाचून दाखवलं. पोरगी पाहिली. चांगल्या घरची आहे. तिला आणखी शिकायचं आहे, आताच लग्न करायचं नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं म्हणून तिने आधी सांगितलं नाही. आपल्या पोरात काही खोट नाही. घरी आल्यावर सगळं सांगतो, तू जेवून घे. आता तिचा आवाज, आणि वेळ तीनची. हॉलमधल्या सगळ्यांनी वाचनाचा तास सुरू झाला असं समजून हातातली कामं खाली ठेवली होती आणि ते अक्षर न् अक्षर ऐकत होते. वाचून संपल्यावर कोणीतरी मागून म्हणालंसुद्धा, पुढं काय झालं? रामाजींनी डोळे पुसले, “बराबर लिहिलं,” म्हणाले, आणि खाली सही केली.

इथवरच राहिलं असतं तर मी आज वेगळं पत्र लिहीत असतो. रामाजी बिल्ला देऊन थैली घेऊन मुकाट्याने गेले असते. तो माणूस तसा सरळ आहे. पण बायजाबाईंना आपल्या मुलाला कूलरसमोर का बसवलं हे शेजारच्या बायकांकडून कळलं. त्या उठल्या आणि पूर्ण आवाजात म्हणाल्या की माह्या पोराले पागल म्हणून राहिले. मैनाबाई म्हणाल्या, हळू बोल वं, लोक आयकून राहिले. बाईंनी त्यांना तुम्ही कोण म्हणून विचारलं. मैनाबाईंनी कोण ते सांगितलं. पेन्शनर जागे झाले. कोणीतरी सत्यवतीची बाजू घेतली, कोणीतरी मुलाच्या आईची. मी कपाटाआडून बाहेर आलो, हात जोडले, आणि मागे सरताना मैनाबाईंच्या ताटाला पाय लागला. पितळी ताट, दगडी फरशी, वर उंच छत. आठवड्याचे गहू हॉलभर पसरले. वर संशोधन विभागात तेच सभासद काम करत बसले होते, वहीत टिपून घेणारे. ते जिन्यात आले तेव्हा चंद्रभान फरशीवर बसून गहू गोळा करत होता आणि बायजाबाई माझ्या सात पिढ्या मोजत होत्या.

समितीची बैठक झाली. कक्ष पुढील आदेशापर्यंत बंद. बाहेरच्या व्यक्तींना कोणत्याही कारणाने प्रवेश नाही, असा हुकूम निघाला आणि तो माझ्याच अक्षरात लिहून मी दारावर लावला. मनोहररावांनी स्वतः स्टुलावर चढून आपली पाटी काढली, धूळ पुसली, कपाटामागे ठेवली, आणि मला म्हणाले, “सोयरीक सावरण्यासारखी असेल तर मी रामाजींना भेटून येऊ का?” दादा, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं आहे. हे एक काम त्यांनी मनापासून मागून घेतलं होतं. मैनाबाई आता दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसतात. गहू निवडत नाहीत, नुसत्या बसतात. पेपर आला का म्हणून विचारतात. कुसुम वाचून दाखवते, पण तिला ठळक बातम्याच तेवढ्या वाचायची घाई असते.

आणि एक गोष्ट, जी मी तुम्हाला लिहिणार नव्हतो. कक्ष बंद झाल्यावर चारसहा दिवसांनी रुपराव आले. जयवंताबाईंना दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती. सायकल रिक्षात बसवून ते त्यांना धंतोलीहून घेऊन आले, थेट बस स्टँडवर न जाता, कार्ड लिहिणाऱ्या पोरीला दाखवायला. कवडू दारावर. त्याने हुकूम दाखवला. रुपराव म्हणाले, आम्हाला आत नको, तिला फक्त बाहेर बोलाव. पण कवडूला आदल्याच दिवशी मी तंबी दिली होती की कोणत्याही कारणाने म्हणजे कोणत्याही कारणाने. त्याने नाही म्हटलं. ती दोघं समोरच्या कडुनिंबाखाली बसून राहिली. मग बसची वेळ झाली तशी गेली. सत्यवती तेव्हा वरच्या अभ्यासिकेत होती, मागच्या खिडकीशी, जिथून रस्ता दिसत नाही. मी माझ्या खोलीत समितीला द्यायचा खुलासा लिहीत होतो.

कवडूने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला नाही, तिला सांगितलं. माझ्यासमोरच, पण तिच्याकडे बघून. म्हणाला, “बाई, मी आत येऊन तुमाले सांगाले पायजे होतं.” तिने त्याला एवढंच विचारलं, “त्या चालत होत्या काय?” कवडू म्हणाला, रिक्षातून आपल्या आपण उतरल्या, आणि झाडापर्यंत कोणाचा हात न धरता गेल्या. ती बरं म्हणाली आणि पुस्तकं घेऊन घरी आली. त्या रात्री जेवली नाही.

तेव्हा दादा, सोयरीक मोडली त्याचा दोष तुम्ही माझ्याकडे द्याल तो मी घेतो. रामाजींच्या पाया पडायला पवनीला जायला सांगाल तर जातो. माणसं चांगली होती, मुलगाही चांगला होता. समाजात बोललं जाईल, धाकट्या कमलच्या वेळी ते आठवलं जाईल, हे सगळं मला दिसतं. पण या पोरीला पुन्हा असं न विचारता कुठे बसवू नका, एवढं मी हात जोडून सांगतो. मला तुमच्यापुढे बोलायची सवय नाही, म्हणून लिहिलं. गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा. कमलला आशीर्वाद, आणि तुम्हा दोघांच्या रागाला नमस्कार.

तुमचा
जागेश्वर

ता. क. सत्यवतीला या महिन्यात उमरेडला बोलावून घ्यायचं तुमच्या मनात असेल. ती येतेच आहे, येत्या रविवारी पहिल्या एस.टी.ने. पण घरी राहायला नव्हे. तिला पुढे भिवापूरकडे रुपरावांच्या गावी जायचं आहे. कार्ड टाक म्हटलं तर नाही म्हणाली. माणसं उन्हात दारापर्यंत येऊन गेली, त्यांना कार्ड काय पाठवायचं, असं तिचं म्हणणं. गावाचं नाव तिला ठाऊक आहे. रस्ता कच्चा असेल. तुम्ही तिला स्टँडवर गाठा आणि तिच्याबरोबर जा. तिथे तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, फक्त बाजूला उभं राहायचं. खरं म्हणजे एवढंच लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरा. मी बरोबर जायला तयार होतो. ती नको म्हणाली, तेही कुसुमकडून. कवडूने सांगितलं त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही, दादा. पाणी देते, ताट वाढते, माझा चष्मा सापडत नसला तर शोधून समोर आणून ठेवते. पण बोलत नाही. वरच्या ता. क.मधलं तिचं म्हणणं सगळं मला भिंतीपलीकडून किंवा कुसुमकडून कळलेलं आहे. एस.टी.त वेळ मिळाला आणि ती बऱ्या मनात दिसली, तर माझी गोष्ट काढून पाहा.